बोलायचे नाही! – स्वरतंतूंच्या विश्रांतीमागचे विज्ञान

समजा, तुमच्या मराठीच्या बाई आजारी आहेत असे कळले आणि तुम्ही त्यांना भेटायला घरी गेलात. बाई खुर्चीत बसल्या आहेत. ताप नाही, अशक्तपणा नाही, चेहराही नेहमीसारखाच हसरा. पण त्या बोलत मात्र नाहीत. शेजारी ठेवलेली पाटी उचलून त्या लिहितात, ‘स्वरतंतूंचे ऑपरेशन झाले. आठ दिवस बोलायचे नाही.’ तुम्ही म्हणता, ‘बाई, मग हळू, कुजबुजत बोला ना!’ बाई मान हलवून पाटीवर लिहितात, ‘तेही नाही!’

हात मोडला तर तो प्लास्टरमध्ये ठेवतात, हे आपल्याला पटते. पण आवाजालाही असे बांधून ठेवण्याची गरज का पडावी? आणि कुजबुजण्यावरसुद्धा बंदी कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे वैद्यकात जितकी आहेत, तितकीच ती पदार्थविज्ञानातही आहेत. तुमच्या पाठ्यपुस्तकातील कंपन, वारंवारता, आयाम आणि दाब एवढी शिदोरी त्यासाठी पुरेशी आहे.

घशातील दोन पडदे

गळ्यावरून बोट फिरवले की मध्यभागी एक टणक उंचवटा लागतो. हे स्वरयंत्र. फुप्फुसांकडे जाणाऱ्या श्वासनलिकेच्या अगदी तोंडाशी ते बसवलेले असते. त्याच्या आत समोरून मागे जाणाऱ्या, एकमेकींसमोर असलेल्या दोन मऊ घड्या असतात. त्यांनाच आपण स्वरतंतू म्हणतो. ‘तंतू’ या शब्दामुळे सतारीच्या तारा डोळ्यांसमोर येतात, पण त्या तारा नव्हेत. त्या दोन जाडसर, ओलसर पडद्यांसारख्या असतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण १५ ते २० मि.मी. आणि स्त्रीत १० ते १५ मि.मी. असते. म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेत हा सारा कारभार चालतो!

जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात, हे पाहण्याची युक्ती एका गायनशिक्षकाने काढली. त्यांचे नाव मॅन्युएल गार्सिया. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःचेच स्वरतंतू पाहिले! पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर झाला. परावर्तनाचे साधे नियम आणि दोन आरसे एवढ्या सामग्रीवर हा शोध लागला.

श्वास घेताना हे पडदे दूर असतात. बोलायचे ठरवले की ते जवळ येतात. खालून फुप्फुसातील हवेचा दाब वाढतो, पडदे दूर ढकलले जातात आणि हवेचा एक छोटा झोत वर निसटतो. त्याबरोबर पडद्यांमधील दाब कमी होतो, त्यांची स्वतःची लवचीकता त्यांना मागे खेचते आणि ते पुन्हा मिटतात. लगेच पुन्हा तेच चक्र. प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा हुकूम येत नाही. हवेचा प्रवाह आणि पडद्यांची लवचीकता मिळून ही कंपने चालू ठेवतात. डच शास्त्रज्ञ व्हॅन डेन बर्ग यांनी १९५८ साली हा विचार नीट मांडला.

तुम्ही व्याकरणात कठोर आणि मृदू व्यंजने शिकला आहात. गळ्यावर बोटे ठेवून ‘स्‌स्‌स्‌’ असा लांब उच्चार करा, मग ‘झ्‌झ्‌झ्‌’ असा करा. पहिल्या वेळी बोटांना काही जाणवत नाही, दुसऱ्या वेळी गुणगुण जाणवते. ती गुणगुण म्हणजेच स्वरतंतूंचे कंपन.

एका दिवसाचा हिशेब

बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आणि स्त्रीचे सुमारे २०० वेळा मिटतात व उघडतात. आता बाईंच्या एका दिवसाचा हिशेब मांडू.

बाई ३५ मिनिटांच्या ६ तासिका घेतात, म्हणजे २१० मिनिटे. यांतला काही वेळ फळ्यावर लिहिण्यात, काही तुमची उत्तरे ऐकण्यात जातो. शिवाय बोलतानाही श्वास, विराम आणि कठोर व्यंजने येतात. तेव्हा प्रत्यक्ष कंपनाचा काळ एक चतुर्थांश धरू. तो होतो ५२ मिनिटे ३० सेकंद, म्हणजेच ३१५० सेकंद. याला २०० ने गुणले की ६,३०,००० कंपने! एका शाळेच्या दिवसात सहा लाखांहून अधिक वेळा हे दोन पडदे एकमेकांवर आपटतात.

कंपनाचा आयाम अर्धा मि.मी. धरला, तर एका कंपनात पडद्याचा कडेचा भाग त्याच्या चौपट, म्हणजे २ मि.मी. अंतर कापतो. सहा लाख तीस हजार कंपनांत हे अंतर होते १२६० मीटर. नखाएवढी ही घडी जागच्या जागी सव्वा किलोमीटर चालते!

आणि ही चाल संथ नाही. पुढे तुम्ही सरल आवर्त गती शिकाल. तीत महत्तम त्वरण = (२ × ३.१४ × वारंवारता) या संख्येचा वर्ग × आयाम. वारंवारता २०० आणि आयाम ०.०००५ मीटर घेतल्यास उत्तर येते सुमारे ७९० मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. गुरुत्वत्वरणाच्या हे जवळजवळ ८० पट आहे! खरी गती इतकी सरळसाधी नसते, तरी अंदाज यायला हा आकडा पुरेसा आहे. निरोगी ऊतक हा मारा वर्षानुवर्षे सोसते. पण त्याच जागी ताजी जखम असेल तर?

जखम कशी होते आणि कशी भरते?

जपानी शल्यवैद्य मिनोरू हिरानो यांनी १९७४ साली दाखवून दिले की, स्वरतंतू हा एकजिनसी पदार्थ नाही. त्याला थर आहेत. आत स्नायू, त्यावर लवचीक धाग्यांचे थर, त्यावर एक अगदी मऊ, लिबलिबीत थर आणि सर्वांत वर पातळ त्वचेसारखे आवरण. तापवलेल्या दुधाच्या भांड्याला हलकेच धक्का द्या. साय दुधावर कशी हलते, लहरते! तसेच हे आवरण आतल्या स्नायूवर लहरते. आवाजाचा गोडवा या लहरीवर अवलंबून असतो.

सतत ओरडण्याने वा ताणून बोलण्याने या मऊ थराला सूज येते. कधी एखादी छोटी गाठ किंवा लोंबणारा मांसल कोंब तयार होतो. भजनातला पखवाज तुम्ही पाहिला असेल. त्याच्या डाव्या पुडीवर ओली कणीक लावतात. वस्तुमान वाढले की कंपने मंदावतात आणि आवाज खर्जात जातो. स्वरतंतूवरील गाठही असेच वजन वाढवते. पण पखवाजाची कणीक मापून, नेमक्या जागी लावलेली असते. गाठ मात्र वाटेल तिथे येते. मग दोन्ही पडद्यांची कंपने जुळत नाहीत, पडदे नीट मिटत नाहीत, मधून हवा गळते आणि आवाज घोगरा होतो.

शिक्षकांना हा त्रास इतरांपेक्षा अधिक होतो. अमेरिकेतील आयोवा व युटा या राज्यांत सुमारे अडीच हजार लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झाल्याचे शिक्षकांपैकी जवळजवळ ५८ टक्क्यांनी सांगितले. इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण २९ टक्के होते.

प्रत्येक गाठीला शस्त्रक्रिया लागत नाही. ताणाने आलेल्या लहान गाठी बोलण्याची पद्धत सुधारली की पुष्कळदा आपोआप विरतात. जिथे शस्त्रक्रिया करावीच लागते, तिथे सहसा गळ्यावर बाहेरून काप घेत नाहीत. रोग्याला पूर्ण भूल देऊन तोंडातून एक सरळ नळी स्वरयंत्रापर्यंत घालतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत लांब दांड्याच्या बारीक हत्यारांनी गाठ काढतात. या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाचे नाभीय अंतर साधारण ४०० मि.मी. असते. एवढे लांब कशासाठी? भिंग आणि घसा यांच्यामध्ये शल्यवैद्याचे हात व हत्यारे मावायला जागा नको का!

गाठ निघाली की तिथे उरते एक छोटी जखम. पहिले दोन-तीन दिवस तिथे सूज व दाह असतो. मग नव्या पेशी कडेकडेने सरकत जखमेवर पांघरूण घालू लागतात. हे वरचे आवरण बहुधा एक-दोन आठवड्यांत भरते. त्याखालच्या थरांची जुळवाजुळव मात्र अनेक महिने चालते.

पेशींचे हे कोवळे पांघरूण तयार होत असताना त्यावर सेकंदाला २०० टोले बसले, तर ते फाटते. दाह लांबतो आणि ती जागा भरून काढायला शरीर कोलॅजेनचे जाड धागे टाकते. फाटलेले पातळ रफू केल्यावर फट बुजते, पण कापडाची तिथली झुळझुळ जाते. स्वरतंतूवरील व्रणाचेही असेच असते. त्या जागी लहर अडखळते आणि आवाज कायमचा बिघडू शकतो. गुडघ्यावर खूण राहिली तर बिघडत नाही. इथे खुणेची जागाच आवाजाची जागा आहे.

म्हणून बोलायचे नाही! स्वरतंतूंना प्लास्टर घालता येत नाही. मौन हेच त्यांचे प्लास्टर.

कुजबुज का नको?

आता बाईंच्या ‘तेही नाही’ या उत्तराकडे येऊ. गळ्यावर बोटे ठेवून कुजबुजून पाहा. गुणगुण जाणवत नाही. म्हणजे स्वरतंतू कंप पावत नाहीत. मग अडचण कुठे आहे?

कुजबुजताना पडदे एकमेकांजवळ ताठ धरून मधल्या फटीतून हवा जोराने सोडावी लागते. ते करताना बहुतेक माणसे स्वरयंत्राच्या वरच्या भागातले स्नायूही आवळतात. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० रोग्यांचे घसे दुर्बिणीतून पाहिले गेले. त्यांपैकी ६९ जणांत कुजबुजताना हा ताण साध्या बोलण्यापेक्षा वाढलेला दिसला. १८ जणांत फरक पडला नाही आणि १३ जणांत तो उलट कमी झाला. म्हणजे कुजबुज सर्वांनाच घातक असते असे नाही, पण आपण कोणत्या गटात आहोत हे घरबसल्या कसे कळणार? शिवाय जोराच्या हवेने घसा कोरडा पडतो तो वेगळाच. तेव्हा पाटी किंवा मोबाइलवर लिहिलेला निरोप बरा.

पथ्य फक्त बोलण्याचे नसते. खाकरताना दोन्ही पडदे एकमेकांवर जोराने घासतात. घशात काही अडकल्यासारखे वाटले, तर खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. गुणगुणणे हेही कंपनच, तेव्हा तेही बंद. आणि पाण्याने भरलेली बादली उचलणेसुद्धा नको! जड वस्तू उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो, म्हणजे स्वरतंतू घट्ट मिटून छातीतील हवा अडवतो. आवाज न होताही त्यांच्यावर मोठा दाब येतो.

पाणी, हवा आणि आपला उन्हाळा

शिक्षकांना अशी शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या सुट्टीत सोयीची वाटते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे विश्रांतीला वेळही मिळतो. पण नागपूरचा मे महिना घशाला अनुकूल नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्या जवळपास उतरते. अशी हवा नाका-घशातील ओलावा शोषून घेते. कोरड्या हवेत श्वास घेतल्यावर स्वरतंतूंना कंपन सुरू करण्यासाठी अधिक दाब लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. बिजागरीला तेल नसले की दार जोराने ढकलावे लागते, तसेच हे.

इथे एक गैरसमज दूर करू. प्यालेले पाणी स्वरतंतूंवरून वाहत जात नाही. तसे गेले तर ठसकाच लागेल! ते अन्ननलिकेतून पोटात जाते, रक्तात मिसळते आणि रक्तावाटे ऊतकांना मिळते. म्हणून एकदम लोटाभर पिण्यापेक्षा दिवसभर थोडेथोडे पाणी पिणे चांगले. श्वासातली आर्द्रता मात्र थेट स्वरतंतूंपर्यंत पोहोचते. वाळ्याच्या ताट्यांचा आपला कूलर खोलीतील हवेत ओलावा घालतो, तर वातानुकूलक तो काढून घेतो. विडी-सिगारेटचा धूर तर पूर्ण वर्ज्य.

मौन किती दिवस?

मौन एवढे चांगले, तर मग महिना-दोन महिने का पाळू नये? इथेही प्लास्टरचाच दाखला घ्या. मोडलेला हात गरजेपेक्षा जास्त काळ बांधून ठेवला तर स्नायू रोडावतात, सांधा धरतो. ऊतकांना बरे होताना थोडी हालचालही हवी असते. नवे धागे कसे मांडायचे, हे त्या हालचालीवरून ठरते.

जपानमधील क्योटो येथे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला ३ दिवस मौन, दुसऱ्याला ७ दिवस. त्यानंतर दोघांनाही आवाजाचे व्यायाम. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ३ दिवसांच्या गटाचे स्वरतंतू अधिक चांगले बरे झालेले दिसले. गट लहान होते, आणि जखम कुठे व किती खोल आहे यावरही दिवस ठरतात. त्यामुळे कुठे ३ दिवस, कुठे ७, तर कुठे १४ दिवसही सांगतात. हा आकडा शल्यवैद्यानेच ठरवायचा. पण एक गोष्ट निश्चित : मौनानंतर एकदम व्याख्यान द्यायचे नाही. आधी दिवसातून काही मिनिटे, मग हळूहळू वाढवत.

या व्यायामांपैकी एक तर तुमच्या प्रयोगवहीत शोभेल असा आहे. पेल्यातील पाण्यात नळी बुडवून तिच्यातून ‘ऊऽऽ’ असा सूर काढायचा. नळीचे टोक ६ से.मी. खोल असेल, तर बुडबुडा निघायला ६ से.मी. पाण्याइतका, म्हणजे सुमारे ५८८ पास्कल दाब लागतो. नेहमीच्या बोलण्यात फुप्फुसांचा दाबही साधारण ५ ते १० से.मी. पाण्याइतकाच असतो. नळीमुळे हवेचा काही दाब स्वरतंतूंच्या वरच्या बाजूनेही येतो, तो त्यांना किंचित दूर ठेवतो आणि टोले हलके बसतात. तुमचा घसा निरोगी असेल तर नळी २, ४, ६, ८ से.मी. खोल नेऊन पाहा. किती खोलीपर्यंत सूर सहज निघतो? रोग्याने मात्र हा व्यायाम सांगितल्यावाचून करू नये.

आवाज ज्यांचे सर्वस्व

गायकांच्या बाबतीत हा प्रश्न फार नाजूक असतो. इंग्रज गायिका ज्यूली अँड्र्यूज यांच्यावर १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा गाण्याचा आवाज पूर्वीसारखा परत आला नाही. उलट गायिका अडेल यांची शस्त्रक्रिया २०११ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला झाली, आणि विश्रांतीनंतर २०१२ च्या फेब्रुवारीत त्या पुन्हा व्यासपीठावर गायल्या.

आपल्याकडची दोन उदाहरणे वेगळ्या प्रकारची, पण लक्षात ठेवण्याजोगी आहेत. धारवाडच्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत आवाज उंच व बारीक आहे. पुढे घशाचा विकार आणि त्यावरील उपचार यांनंतर तो भारदस्त, खर्जाचा झाला. त्यांनी तोच आपला मानला, आणि पुढची अनेक दशके रसिकांनी तो डोक्यावर घेतला. किशोरी आमोणकर यांचा आवाज तरुणपणी गेला आणि सुमारे दोन वर्षे त्यांना गाता आले नाही. तिथे शस्त्रक्रिया नव्हती. आयुर्वेदीय उपचार होते आणि सक्तीचे मौन होते. पण गळा बंद असला तरी गाण्याचे चिंतन बंद नव्हते. त्यानंतरच्या त्यांच्या गायनाने काय उंची गाठली, हे सर्वश्रुत आहे.

तुम्ही काय करू शकता?

आता शाळा सुरू झाली आहे आणि बाई वर्गात परतल्या आहेत अशी कल्पना करा. त्यांच्या स्वरतंतूंवरचे आवरण भरले आहे, पण आतले थर अजून जुळत आहेत. यापुढचा उपचार डॉक्टरांच्या हातात नाही, तो तुमच्या हातात आहे!

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. बाईंचा आवाज १ मीटरवर ६० डेसिबल असेल, तर ८ मीटरवरील शेवटच्या बाकापर्यंत तो ४२ डेसिबल उरेल. वर्गाच्या भिंती ध्वनी परावर्तित करतात म्हणून प्रत्यक्षात घट यापेक्षा कमी होते. पण पंखे, रस्ता आणि तुमची कुजबुज यांचा गोंगाट ५० डेसिबल असेल, तर बाईंना आवाज चढवावाच लागतो. हे त्या ठरवून करत नाहीत. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार्द यांनी १९११ साली मांडले. आवाज चढला की फुप्फुसांचा दाब चढतो, आयाम वाढतो आणि टोले जोराचे बसतात.

तेव्हा पुढच्या बाकांवर जवळ बसा. बाहेर गोंगाट असेल तर खिडकी लावून घ्या. शंका एकाने विचारावी, बाकीच्यांनी ऐकावी. वर्ग शांत करायला बाईंना ओरडावे लागू नये म्हणून टाळी किंवा घंटा अशी खूण ठरवा. शिक्षकबंधू-भगिनींनाही एक विनंती. साधा ध्वनिवर्धक वापरण्यात कमीपणा मानू नका, आणि आवाजाचा घोगरेपणा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकला तर ‘खडूची धूळ असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आपल्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’सारख्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात घसा एकदा दाखवून घ्या.

दरवर्षी १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन पाळतात. त्या दिवशी एक प्रयोग करा. आपल्या एका शिक्षकांच्या तासिका मोजा, वर केला तसा हिशेब मांडा आणि त्यांच्या स्वरतंतूंनी त्या दिवशी किती कंपने केली, किती अंतर कापले, ते काढा. उत्तर फळ्यावर लिहून ठेवा. पुढची तासिका आपोआप शांततेत जाईल, असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरतो का, ते तुम्हीच पडताळून पाहा.